पन्हळीतल्या पुड्या

ऐक ना. नुसतं ऐक. मधे तोंड घालू नकोस, हसायचं असेल तर शेवटी हस, पण आधी सगळं ऐकून घे. कारण मी केलं ते बरोबर की चूक हे मला अजून कळलेलं नाही, आणि मामाला विचारावं तर तो म्हणतो, शिडीवर तू होतीस, मी खाली होतो.

तर मामा. तो खिडक्या पुसतो हे तुला माहितीये. घरांच्या, दुकानांच्या, दवाखान्यांच्या. ठरलेली गिऱ्हाइकं, ठरलेली फेरी. एका टोकापासून सुरू करायचं आणि शेवटच्या घरापर्यंत पोचायचं, तोवर पहिल्या घराच्या काचा परत मळलेल्या असतात. म्हणजे काम कधी संपत नाही आणि कधी तुंबतही नाही. मी त्याच्याकडे लागले कारण घरी बसून आईची बोलणी खाण्यापेक्षा मामाची शिडी बरी. तो मला 'रेडिओ' म्हणतो. बटण बंद केलं तरी वाजतेच, म्हणे.

आणि मामाचा नियम एकच. आपण काच पुसतो, काचेपलीकडचं नाही. आत कोण काय करतंय, कोण रडतंय, कोण दुपारी झोपलंय, काही बघायचं नाही. दिसलं तर दिसलं, पण बघायचं नाही, आणि बाहेर येऊन बोलायचं तर नाहीच नाही. एकदा एका घरात नवराबायकोची अशी जुंपली होती की बशी येऊन आतून काचेवर आपटली, सगळी आमटी ओघळली. मी शिडीवरून पडायचीच बाकी. मामाने काय करावं? बाहेरून शांतपणे वायपर फिरवला आणि म्हणाला, "आतला डाग आतल्यांनी पुसायचा." आणि गेला पुढच्या खिडकीला.

बरं. तर माझ्या डोक्यात आलं की आपण पन्हळी पण साफ करायच्या. पन्हळ म्हणजे ती छपराच्या कडेला असते ना, पाणी गोळा करून उभ्या पाइपात सोडणारी, ती. शिडी आपलीच, बादली आपलीच, गिऱ्हाईक आपलंच. आणि काचेवर ते काळे ओघळ येतात ते कुठून येतात? तुंबलेल्या पन्हळीतूनच. म्हणजे आपण काच चकचकीत करायची आणि डोक्यावरची घाण पाऊस आला की परत तिच्यावर. मी मामाला म्हटलं, हे म्हणजे नाक पुसायचं आणि सर्दी तशीच ठेवायची.

मामा म्हणाला, "नाकाचं म्हणतेस तर ऐक, नाकापेक्षा मोती जड होईल. चाललंय ते चालू दे."

मामी आतून म्हणाली, "अहो, पोरीला करू द्या की. तुम्हाला खिडकीबाहेरचं कधी सुचलंय का?"

मामाने मग खरी अडचण सांगितली. म्हणाला, "काचेचं बरं असतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. पुसली की गिऱ्हाइकाला दिसते. पन्हळ साफ केली की नाही हे बघायला कोण वर चढणार? ते म्हणणार, ही दोघं वर जाऊन चहा पिऊन आली."

मुद्दा बरोबर होता. म्हणून मी एक युक्ती काढली. दारापुढे एक निळं प्लास्टिक अंथरायचं, आणि पन्हळीतून जे काही निघेल ते बादलीतून त्याच्यावर ओतायचं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. हे बघा, हे तुमच्या डोक्यावर होतं.

आणि अगं, काय चाललं ते! लोक खिडक्या पुसताना आत बसून राहायचे, पण बादली ओततेय म्हटलं की अख्खं घर दारात. शेजारची पण यायची. पानं, शेवाळ, पिसं हे तर असतंच, पण त्याच्यात चेंडू, कपड्यांचे चिमटे, बाहुलीचा पाय, कुणाची तरी कवळी. कवळी! कावळ्याने आणून टाकली असणार, पण त्या घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एका घरात चमचा निघाला. चांदीचा. तो हरवला म्हणून सासूने सुनेशी वर्षभर अबोला धरला होता. सुनेने तो चमचा चिखलातून उचलला, पदराला पुसला आणि एक शब्द न बोलता सासूच्या हातात ठेवला. सासू म्हणाली, "चहा टाकतेस का?" बस. एवढंच. मी परतीच्या वाटेवर गाडीत तो किस्सा तीनदा सांगितला.

मामा मात्र म्हणाला, "रेडिओ, मी लोकांच्या खिडकीत बघत नाही, आणि तू लोकांच्या डोक्यावरचं अंगणात ओततेस. एक दिवस नको ते निघेल."

मी म्हटलं, "पन्हळ घराच्या बाहेर असते मामा. बाहेरचं ते बाहेरचं."

हे लक्षात ठेव हां, मी म्हटलेलं. पुढे लागणार आहे.

तर एक घर आहे आमच्या फेरीत. खाली लेक राहते, वर वडील. लेक म्हणजे माझ्या आईपेक्षा थोडी लहान असेल, शिवणकाम करते, कपडे लहानमोठे करून देणं, चेन बदलणं, पडदे शिवणं. मी तिला ताई म्हणते, वडिलांना आजोबा. तिची शिवणाची खोली घराला पुढे जोडून काढलेली आहे, वर उतरते पत्रे. आणि त्या पत्र्यांच्या वर, बरोबर समोर, आजोबांची खिडकी. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान कधीच बंद केलं, पण खिडकीशी टेबल आहे, टेबलावर दिवा, आणि घरभर घड्याळं. जिन्यात घड्याळ, स्वयंपाकघरात घड्याळ, बाथरूमच्या दारावर घड्याळ. आणि सगळी एकच वेळ दाखवतात. आमच्या घरी दोन आहेत तर दोघांचं पटत नाही.

ताईच्या शिवणाच्या खोलीत भिंतीला ओल आली होती. कापड कापायच्या टेबलाच्या बरोबर वर. तिने एका गिऱ्हाइकाचा पांढरा सदरा तिथे टांगला आणि त्याच्या पाठीवर डाग पडला. तर तिनेच मला विचारलं, "तू ते बादलीचं करतेस ना? माझी पन्हळ बघ गं. पाणी पुढे जातच नाहीये."

आणि वरून लगेच आवाज. "पन्हळीला हात लावायचा नाही!"

आजोबा जिन्यात उभे. सडपातळ, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, डोळ्यावरचं भिंग कपाळावर ढकललेलं.

"का बाबा?"

"पारव्यांनी घरटं केलंय."

"कुठलं घरटं? मी रोज खिडकीतून बघते."

"तू खालून बघतेस. खालून पोट दिसतं, घरटं वरून दिसतं."

ताई माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? हे असं. काही म्हटलं की आडवे." पण रागाने नाही म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली ही अशी काळी वर्तुळं. मग तिच्या फोनचा गजर वाजला, आणि ती हातातली कात्री ठेवून, पाण्याचा पेला घेऊन वर पळाली. येऊन म्हणाली, गोळीची वेळ. मागे बाबा बाथरूममध्ये पडले होते, छातीत काहीतरी झालं, ठोके चुकतात म्हणे. ती बाजारात गेली होती. आली तर हे फरशीवर, आणि नळ चालू. तेव्हापासून गोळ्या. ती समोर उभी राहते, ते गोळी तोंडात टाकतात, पाणी पितात, ती पेला घेऊन खाली येते. "एक दिवस चुकवत नाही मी," म्हणाली. "झोपेतसुद्धा मला तो नळ ऐकू येतो."

मी आपलं हं हं केलं. मामाने खोकून मला खूण केली, काम.

आधी खिडक्या केल्या. मग शिडी पत्र्याच्या कडेला लावली, मामाने खाली धरली, आणि मी वर. ताई खाली तिच्या मशीनवर बसली. म्हणाली, "बादली ओतायच्या आधी मला हाक मार, मला बघायचंय ओल कशाने आली." निळं प्लास्टिक तिने स्वतः अंथरलं, कोपऱ्यांवर विटा ठेवून. इस्त्री केल्यासारखं. शिवणारी बाई ना.

वर घरटंबिरटं काही नाही. एक पारवा बसला होता, तो पण मला बघून उडाला. पानं होती, शेवाळ होतं, खुरप्याने ओढून बादलीत टाकत गेले. आणि उभ्या पाइपाच्या तोंडाशी पोचले, तर तिथे बूच. मी हात घातला. बाहेर काय आलं असेल?

पुड्या. प्लास्टिकच्या. नखाएवढ्या. घड्याळाचे बारीक स्क्रू ठेवतात ना, वरून चिमटीत दाबून बंद करायच्या, तसल्या. ओंजळभर. आणि प्रत्येकीत एक एक गोळी. पांढरी, गोल, कोरडी ठणठणीत. पाण्यात राहून एकीला ओल लागली नव्हती. इतक्या नीट बंद केलेल्या.

मी वर बघितलं. खिडकीत आजोबा. नुकतीच पुसलेली काच, त्यामुळे अगदी स्पष्ट. त्यांनी हळूच तावदान उघडलं आणि वाकून म्हणाले, "मशीन चालू आहे तोवर बोल."

खाली ताईचं मशीन खडखडत होतं. मी म्हटलं, "आजोबा, हे काय?"

"दिसतंय ते."

"अहो पण टाकायच्याच होत्या तर पुडीत कशाला भरल्या? सुट्या टाकल्या असत्या तर विरघळून गेल्या असत्या. कुणाला पत्ता लागला नसता!"

खरं सांगते, मला तेव्हा पहिल्यांदा हेच सुचलं. चोराला चोरी कशी करायची ते शिकवत होते मी.

ते म्हणाले, "आधी सुट्याच टाकत होतो. पारव्याने खाल्ली. त्या समोरच्या कठड्यावर दिवसभर मान वाकडी करून बसून होता, उडेचना. त्याचा काय दोष? मग पुड्या. पुडीला पक्षी चोच लावत नाही."

मशीन थांबलं. आम्ही दोघं पण थांबलो. ताईने दोरा बदलला असणार. मी उगाच खुरपं पत्र्यावर घासलं. मशीन परत सुरू झालं.

"कमोडमध्ये टाकायच्या."

"तरंगतात. तिने एकदा पाहिली. हातातून पडली म्हणालो. कचऱ्याची बादली ती रोज तपासते."

"पण घेत का नाही? पडला होतात ना तुम्ही?"

त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. सरळ, पंजा खाली. म्हातारा हात, शिरा वर आलेल्या, पण हलत नव्हता. भिंतीतून खुंटी निघावी तसा. "हा गोळी न घेता," म्हणाले. "आणि घेतली की हा असा." आणि हात थरथरवून दाखवला. जरा जास्तच थरथरवला असं मला वाटलं. "सुरुवातीला इमानाने घेतल्या. डोळ्यापुढे चाक धरलं की चाकं दिसायची दोन. चिमट्यात स्क्रू यायचा नाही. दिवसभर झोप. घड्याळं उघडून ठेवली होती, ती तशीच पडून. आपण पण तसेच, उघडे पडून."

"डॉक्टरांना सांगा ना. दुसरी देतील."

"सांगितलं. ते म्हणाले, आजोबा, या वयात घड्याळं कशाला दुरुस्त करता, आराम करा."

"मग ताईला सांगा."

"ती गोळी हातात घेऊन रात्रंदिवस माझ्या उशाशी बसेल. आणि शिवण कोण करेल?"

आता बघ, माझी हालत काय झाली असेल. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, शिडीवर. खाली निळं प्लास्टिक. मीच काढलेली युक्ती. आणि अंगणातून ताईचा आवाज, मशीन बंद करून, "झालं का गं? आले हं मी बघायला."

आजोबांनी हात जोडले असते, डोळ्यात पाणी आणलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. पण ते नुसते बघत होते. घड्याळ उघडल्यावर आतलं बघतात ना, कुठलं चाक अडलंय, तसे.

मी त्या पुड्या ऍप्रनच्या खिशात कोंबल्या. आणि वर बघून म्हटलं, "पुढच्या फेरीला येईपर्यंत तुम्ही स्वतः ताईला सांगायचं. नाहीतर मी ओतणार. त्याच प्लास्टिकवर."

ते म्हणाले, "पुढच्या फेरीपर्यंत," आणि तावदान लावून घेतलं.

मी खाली उतरले. बादली ओतली. पानं, शेवाळ, एक चिमटा, दोन पिसं. ताई उकिडवी बसली आणि काडीने ते सगळं उलटंपालटं करून बघायला लागली, अगदी कापडातली टाचणी शोधावी तसं.

"एवढंच?"

"एवढंच ताई."

"एवढ्याशा पानांनी माझी भिंत भिजली?"

मामा शिडी घडी करत होता. तो म्हणाला, "पानं पाइपाच्या तोंडाशी अडली की पुरे. थोड्यानेच तुंबतं." आणि माझ्या खिशाकडे बघितलं. खिसा फुगलेला.

गाडीत बसलो. पहिलं वळण गेलं. मग मामा म्हणाला, "वर कुणाशी बोलत होतीस?"

"पारव्याशी."

"पारवा काय म्हणाला?"

मग मी सांगितलं सगळं. एका दमात. आणि शेवटी म्हटलं, "तुझाच नियम पाळला मामा. आतलं आपण बघत नाही, बोलत नाही."

मला वाटलं शाबासकी देईल. तो म्हणाला, "पन्हळ बाहेर असते, असं कोण म्हणालं होतं?"

रेडिओ बंद. मामीला हे सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला नसता.

मामा म्हणाला, "नियम मी केला तो भांडणांसाठी. कुणी आत कोसळून पडलेला दिसला, तर मी काच पुसत बसेन असं वाटलं तुला?"

"मग मागे फिरवू गाडी? सांगू तिला?"

त्याने गाडीचा वेग जरा कमी केला. खरंच केला. मग परत वाढवला. "शब्द तू देऊन आलीस. आता त्या माणसाला त्याची मुदत दे. पण त्या पुड्या टाकायच्या नाहीत. दुसऱ्याची वस्तू आहे." त्या पुड्या मग हत्यारांच्या पेटीत गेल्या, वायपरच्या रबरांखाली. मी रोज पेटी उघडायची आणि रोज त्या दिसायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ दुसऱ्याची असली की नुसतीच जड लागते. मधे एकदा त्या गल्लीतून गेलो दुसऱ्या कामाला, तर मी आधी दारात गर्दी आहे का ते बघितलं. नव्हती. पडदे वाळत घातले होते.

आता ऐक, आलीच गोष्ट शेवटाला.

पुढची फेरी आली. दारात ताई, हसतेय! काळी वर्तुळं पण जरा फिकी. म्हणाली, "अगं, तुझा पायगुण. पन्हळ साफ झाली, भिंत सुकली, आणि बाबा पण सुधारले. परवा स्वतःहून म्हणाले, माझ्या गोळ्या माझ्याकडे दे, मी काय लहान आहे का, माझ्या घड्याळावर घेईन. आणि घेतात. रिकामं पाकीट स्वतः आणून दाखवतात मला."

मी विचारलं, "गोळ्या बदलल्या का डॉक्टरांनी?"

"छे, त्याच. पण कटकट संपली. मी कालची रात्र सलग झोपले, माहितीये? नळ नाही, काही नाही."

मी मामाकडे बघितलं. मामा बादलीत साबण ढवळत होता, जन्मात पहिल्यांदा ढवळत असल्यासारखा.

आधी पन्हळ. वर गेले, आणि पन्हळ स्वच्छ. पाइपाच्या तोंडात हात घातला, कोपरापर्यंत. काही नाही. चार पानं. पारवा कठड्यावर फेऱ्या मारत होता, एकदम टुणटुणीत, मान ताठ. मला इतकं हलकं वाटलं! म्हटलं, सांगितलं नसेल ताईला, पण घ्यायला तर लागले. म्हाताऱ्याने आपल्या पद्धतीने शब्द पाळला.

मग त्यांच्या खिडकीला शिडी लावली. काच अख्खी साबणाने माखली, म्हणजे पलीकडचं सगळं पांढरं. आणि वायपर वरून खाली ओढला. तुला माहितीये ते कसं होतं? एका पट्ट्यात काच साफ होते आणि आतलं पट्ट्यापट्ट्याने दिसायला लागतं. पहिल्या पट्ट्यात भिंतीवरची घड्याळं. दुसऱ्यात दिवा, आणि आजोबांचं डोकं, भिंग डोळ्याला. तिसऱ्यात टेबल.

आणि हात.

बायकांचं मनगटी घड्याळ असतं ना, बोटाच्या पेराएवढं, ते उघडून ठेवलेलं. चिमट्यात एक स्क्रू. स्क्रू म्हणजे काय, मला तो दिसला पण नाही, नुसती चमक दिसली. ती चमक हवेतून सरळ गेली आणि घड्याळात जाऊन बसली. पहिल्या फटक्यात. मग दुसरी. जराही न अडखळता. असा हात मी आमच्या मामाचा पण पाहिलेला नाही.

समजलं ना तुला? त्याच गोळ्या. आणि हात असा.

आता त्या कुठे जातात, देव जाणे. पन्हळीत नाहीत, कचऱ्यात नाहीत.

त्यांनी भिंग वर केलं. माझ्याकडे बघितलं. मी वायपर धरून तशीच, साबणाचं पाणी कोपरावरून खाली गळतंय. घाबरले नाहीत, ओशाळले नाहीत, काही नाही. त्यांनी ते घड्याळ उचलून कानाशी धरलं, ऐकलं, आणि मग काचेकडे केलं, मला दाखवायला. काटा चालत होता. मग परत भिंग डोळ्यावर, आणि मान खाली.

आणि खालून ताईची हाक. "काय गं, या खेपेला काही निघालं का?"

ती अंगणात उभी होती, निळ्या प्लास्टिकच्या शेजारी. वर तोंड करून, उन्हाला हात आडवा धरून. झोप झालेलं तोंड. शिडीच्या पायथ्याशी मामा, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून. त्याने वर बघितलं नाही. हत्यारांची पेटी त्याच्या पायाशी उघडी होती, आणि रबरांखाली काय आहे ते आम्हा दोघांना माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. किंवा न बोलता नुसती पेटी उपडी करायची.

बोलले तर त्यांचे हात गेले, आणि तिची झोप गेली. नाही बोलले, आणि उद्या परत तो नळ वाहिला, तर?

मी म्हटलं, "काही नाही ताई. पन्हळ साफ आहे."

खोटं नव्हतं ते. पन्हळ साफच होती. काचही साफ केली मी, शेवटचा पट्टा ओढून, कोपरे फडक्याने टिपून. पुढच्या फेरीला अजून थोडे दिवस आहेत, आणि पुड्या तिथेच आहेत पेटीत.

आता बोल. इतका वेळ मी बोलले, आता तू बोल. त्या शिडीवर तू असतीस, तर तू काय केलं असतंस?